बाबासोंचा अंगठा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटच्या गेटबाहेर दोन छत्र्या आहेत. पिवळी उत्कर्षाची, जांभळी रंजिताची. मधलं अंतर नऊ पावलं. उत्कर्षाने ते मोजलेलं आहे. दोघी दोन वेगळ्या कंपन्यांची फाइव्ह-जी सिमं विकतात. उत्कर्षाचं सासर-माहेर दोन्ही साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं, राहायला ती कोपरखैरण्याला. रंजिता उलव्याच्या मूळ गावातली. आपली किती सिमं गेली हे उत्कर्षाला संध्याकाळी बघून सांगावं लागतं. रंजिताची किती गेली, ते तोंडपाठ असतं.

दोन्ही कंपन्यांचं तंत्र वेगळं. पिवळीच्या लहरी वेगवान, पण भिंत आली की संपतात. जांभळीच्या संथ, पण स्लॅबमधून गाळ्याच्या आतपर्यंत पोचतात. ट्रेनिंगमध्ये उत्कर्षाने हे वहीत लिहून घेतलं होतं. गिऱ्हाइकाला ती यातलं वेगाचं तेवढं सांगायची.

मार्केटमधले माथाडी बरेचसे साताऱ्याकडचे, म्हणजे आपले, असं ती धरून चालली होती. बाबासो तर नात्याने चुलत सासरे आणि बावीस जणांच्या टोळीचे मुकादम. ते जे सिम घेतील तेच टोळी घेणार. त्यांच्या जुन्या सिमला गाळ्यात रेंज नव्हती. गाडी लागल्याचा फोन आत पोचायचाच नाही. बाबासो आपल्याकडे आले की गेट आपलं, एवढं तिने ठरवून टाकलं होतं.

अडचण अंगठ्याची होती. सिमसाठी अंगठा मशीनवर उठावा लागतो, आणि चाळीस वर्षं गोण्या उचलून बाबासोंच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. तीनदा आले, तीनदा लाल दिवा.

"तात्या, साबणाने धुऊन या ना जरा."

"धुतलाय की. आता काय सोलून आणू?"

असेच झिजलेले अंगठे पलीकडे पहिल्या झटक्यात उठत होते. रंजिता प्रत्येकाला घरच्या थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यात द्यायची. "चहा पाजून गिऱ्हाइकं पळवते," अशी तक्रार उत्कर्षाने सुपरवायझरकडे केली. तो म्हणाला, "मग तू पण पाज."

तिने पाजला. आधी अंगठा, मग टपरीवरचा चहा. लाल दिवा लागायचा, माणूस चहा पिऊन तोंड पुसायचा आणि नऊ पावलं चालत जायचा.

"बरा हाय गो," रंजिता तिकडून म्हणाली. "चाय तू पाज, सिम आमी देतो."

एका दुपारी उत्कर्षाने फक्त रंजिताचे हात बघितले. रंजिता आधी चहा द्यायची. माथाडी तो कढत पेला दोन्ही तळव्यांत धरून बसायचा. त्या तळव्यांना चटका बसत नाही. पेला खाली ठेवला रे ठेवला की ती अंगठा घ्यायची. उबेने कातडी मऊ पडायची, उरलीसुरली रेघ वर यायची. इतकी साधी गोष्ट त्या बाईला सुचली आणि आपल्याला नाही, हे उत्कर्षाला बावीस सिमांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरातला सगळ्यात मोठा पेला आणला. बाबासोंनी तो दोन्ही हातांत धरला. हिरवा दिवा लागला. उत्कर्षाने बाबासोंकडे बघितलंच नाही, जांभळ्या छत्रीकडे बघितलं.

चार दिवसांनी नवं सिम सुरू झालं. बाबासो गाळ्यात गेले आणि तसेच बाहेर आले.

"सूनबाई, अंगठा उठला. रेंज कुठं हाय?"

रंजिता नऊ पावलांवर ऐकू जाईल इतकं हसली.

एकदा कंपनी बदलली की नव्वद दिवस दुसरीकडे जाता येत नाही. टोळी म्हणाली, मुकादमाचं काय होतं ते बघू. फोनसाठी बाबासो गाळ्यातून उठून पिवळ्या छत्रीखाली येऊन थांबू लागले. तिथे रेंज पूर्ण होती. सोबत दोघे-तिघे असायचेच. गर्दी बघून येणारे-जाणारे थांबत आणि सिम घेत. मग रंजिताने खुर्ची वळवून घेतली आणि तीही इकडची माणसं मोजू लागली. उत्कर्षाचे हे सर्वांत चांगले तीन महिने. तिला ते नीट गोड लागले नाहीत, कारण तारीख तिला माहीत होती.

एक्क्याण्णवाव्या दिवशी बाबासो येऊन स्टुलावर बसले.

"सूनबाई, चहा सांग."

ती लगेच उठली. "सांगते ना, तात्या. टोळीचं काय ठरलं?"

"त्याच्याच मागं हाय. हात गरम करून घेतो. पलीकडं अंगठा द्यायचाय, आन् तिचा थर्मास आज रिकामा हाय म्हणं."

मोठा पेला टेबलाखालीच होता. उत्कर्षाने तो पायाने आत सरकवला. चहा तिने टपरीवरून मागवला. कागदी कपात.