सरकी बठा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत एका द्रावणाची घनता मोजत होते. पलीकडे धुळ्याहून त्यांची मुलगी रडत होती. मी तिला धीर दिला, फोन ठेवला आणि… मोजणी पुरी केली. अर्धवट सोडली असती तर नाना वरूनसुद्धा ओरडले असते!

नाना म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. द्रव एकमेकांत मिसळले की त्यांचे रेणू कसे वागतात, यातच त्यांचं आयुष्य गेलं, आणि मोठ्या मजेत गेलं. मी शिंदखेड्याकडची. कॉलेजात माझ्या अहिराणीला मुली हसायच्या, म्हणून इथे आले ती तोंडाला कुलूप लावूनच. पहिल्याच आठवड्यात पन्नास मिली पाण्यात पन्नास मिली अल्कोहोल ओतलं, तर शंभर भरेना. माझ्या हातून सांडलं असणार, या भीतीने मी टेबल पुसून पाहिलं, मोजपात्र बदललं, पुन्हा ओतलं. पुन्हा कमीच! नाना मागे उभे राहून गालातल्या गालात हसत होते.

"सांडनं नही काहीच. रेणू सरकी बठनात."

सरकी बठा! आमच्याकडे एस.टी.त, पंगतीत, ओट्यावर, कुठेही कोणी आलं की हेच म्हणतात. जरा सरका, येणाऱ्याला जागा द्या. पाण्याच्या आणि अल्कोहोलच्या रेणूंनीही तेच केलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडी माझ्या घरची भाषा ऐकून मला इतका आनंद झाला की त्या दिवशी चहात साखर घालायचीच विसरले.

मग आली तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरगावचे, चेहऱ्याने कडक. त्यांनी नेमकं विचारलं, "मिश्रणाचं आकारमान घटतं ते का?" पाठ केलेलं इंग्रजी उत्तर ऐन वेळी पळालं. इतक्या वर्षांचं काम पणाला लागलेलं, आणि तोंडातून निघालं, "सर, रेणू सरकी बठतस!"

"म्हणजे?" परीक्षकांनी नानांकडे पाहिलं.

"तिलाच विचारा," नाना म्हणाले. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.

मी 'सरकी बठा'चा अर्थ सांगितला आणि खडू उचलला. रेणूंची ओढ, त्यांच्यातल्या मोकळ्या जागा, सगळं फळ्यावर काढत सुटले. आता इंग्रजीही मुकाट्याने मागोमाग आलं. नंतर चहाच्या वेळी बाकावर जागा नव्हती, तेव्हा ते कडक परीक्षक नानांना म्हणाले, "सरकी बठा!" नाना त्या आठवणीने पुढे कितीदा हसले असतील…

तो बाक अजून प्रयोगशाळेत आहे. नाना गेल्यापासून त्यांची कडेची जागा मी कोणाला बसू न देता राखली होती. परवा अक्का, त्यांच्या पत्नी, धुळ्याहून आल्या. मी आणि प्रयोगशाळेतल्या दोन मुली, अशा आम्ही तिघीजणी तेव्हा बाकावर दाटीने बसलेल्या, आणि कड रिकामी.

"हाई जागा रिकामी का बरं शे?" अक्कांनी उभ्यानेच विचारलं.

"नानांची आहे, अक्का."

अक्का चक्क हसल्या. डोळे भरलेले, तरी हसल्या. "त्यासनी कधी जागा धरी का? सरकी बठ, पोरी."

मी नानांच्या जागेवर सरकले. अक्का माझ्या शेजारी टेकल्या, आणि आम्ही चौघीही मावलो.