इंजेक्शन बंद झालं तेव्हा

मी पोलादपूरला शाळेत शिक्षिका होते. आंबेनळी घाटात एसटी कलंडली आणि माझा मणका मोडला. हाड जुळलं, दुखणं राहिलं. ते कमरेतून पायात उतरायचं, बसू द्यायचं नाही, निजू द्यायचं नाही. गावातले डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, अफूच्या जातीचं. टोचलं की दुखणं असायचं, पण दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं. त्यावर वर्ष काढलं. मग एक दिवस ते म्हणाले, "बाई, तुम्हाला याची सवय लागलीय. आजपासून बंद."

घाम, उलट्या, अंगातली तगमग यांतलं आता फारसं आठवत नाही. नंतरचं आठवतं. दुखणं परत आलं होतं आणि रडू येत नव्हतं. मुलीची वेणी घालताना ती काय सांगतेय ते ऐकू यायचं, आत पोचायचं नाही. मरावं हा विचारही तसाच आला, पीठ संपलंय, दळण टाकायला हवं, इतका साधा. रोज येऊ लागला. त्याची भीतीसुद्धा वाटेना.

थोरल्या जाऊबाई पडवीत वाल सोलत होत्या. ठरवलं नव्हतं, पण बोलून गेले, "अक्का, मला जगायचं नाही."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "आज जिवाचं काय बरंवाईट करशील असं वाटतंय?"

"हो."

"मंग मी आज हितनं हलत नाय. तूपण हलू नको गो."

शेजारणीकडून त्यांनी माझ्या नवऱ्याला कचेरीतून बोलावलं. दुपारच्या गाडीने आम्ही तिघं महाडला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो?" नवऱ्याने मान खाली घातली. मी हो म्हणाले.

"औषध एकदम तोडलं, वर दुखणं तसंच. मन असं होतं. हे वेड नाही." त्यांनी त्याच जातीच्या सौम्य गोळ्या दिल्या, हळूहळू कमी करत न्यायच्या. माझ्या हाती द्यायच्या नाहीत, मला एकटं ठेवायचं नाही, असं बजावलं.

गोळ्या जाऊबाईंनी स्वतःच्या ट्रंकेत ठेवल्या. एक हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. एकदा मला त्यांचा भयंकर राग आला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं.

दुखणं गेलं नाही. तो विचारही मधून मधून यायचा, पण आला की मी सांगायचे, आणि अक्का काम टाकून शेजारी येऊन बसायच्या. जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. हेडमास्तरांनी मला पहिलीचा वर्ग दिला. तिथला फळा खाली होता, खुर्चीवर बसून लिहिता यायचं.