झाकलेला आकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकासुर म्हणत. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळले की एका टकरीतून किती कण बाहेर पडतात, हे मोजण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. मोजायची पद्धत पक्की होईपर्यंत उत्तर झाकून ठेवायचं, हा तिथला कडक नियम. माणूस मनातल्या आकड्याकडे नकळत झुकतो ना! आणि एकदा उत्तर उघडलं की पद्धतीला हात लावायचा नाही.

आज ते उघडायचं होतं. हेच मोजणारा दुसरा गट संध्याकाळी आपलं उत्तर जाहीर करणार होता. पहिलेपणाचा मान हवा तर त्याआधीच उरकायला हवं होतं.

"कुणाची हरकत?" प्रमुखांनी रीतीपुरतं विचारलं. त्यांचं बोट उत्तर उघडायच्या बटणाकडे निघालंही होतं.

"माझी आहे." ती उठून उभी राहिली. "प्रोटॉनांची गर्दी असते तेव्हा दोन टकरी अगदी चिकटून होतात. त्या आपण एकच धरल्या असतील तर?"

"अगं बाई, हे आत्ता सुचतंय?"

"गर्दीची मोजणी आणि विरळ मोजणी वेगळी काढून नुसता फरक बघू. उत्तर झाकलेलंच राहील."

दुपारी फरक पडद्यावर आला. गर्दीत टकरीमागे कण जास्त निघत होते. म्हणजे शंका खरी होती, आणि महिनाभराचं काम नव्याने करायचं होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला. कुणी तिच्याकडे बघेना.

"त्या दुसऱ्या गटाचा आकडा कुणीही बघायचा नाही," एवढंच बोलून प्रमुख दार आपटून गेले.

ती घरी आली तेव्हा नवरा ताटं मांडत होता. "अगं, बातम्यांत त्या लोकांचं उत्तर..."

"गप्प!" ती किंचाळलीच. "एक अक्षर बोलू नकोस!"

त्याने जीभ चावली. पण बिचाऱ्याच्या पोटात कधी काही राहिलंय? तिच्या वाढदिवसाची भेटसुद्धा आधी त्याच्या चेहऱ्यावर दिसायची. आता त्याच्या भुवया नुसत्या हलल्या तरी तिला धडकी भरत होती. तिने ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"रागावलीस?"

"नाही रे. तुझ्या तोंडावर आकडा दिसेल."

"मग महिनाभर असंच जेवायचं?"

"असंच."

त्याने मुकाट्याने आपली खुर्ची फिरवली आणि तिच्या पाठीला पाठ लावून जेवायला बसला. मग मात्र तिला रडू आवरेना.