टाकीमागची पोरं

साहेब येणार होते म्हणून गुरुजींनी आम्हाला टाकीमागे बसवलं.

दिंडोरीकडची शाळा. जिल्हा परिषदेची. पुढे पटांगण, मागे पाण्याची सिमेंटची टाकी. मी तिथं चौथीत बसत होते. शिकत होते म्हणायची सोय नाही, कारण माझं नाव त्या शाळेत नव्हतंच. नाव होतं वर पेठच्या डोंगरात, आमच्या पाड्यावरच्या शाळेत. भात काढून झालं, दिवाळी उरकली, की आईबाप द्राक्षाच्या कामाला खाली उतरायचे आणि त्यांच्यामागे आम्ही. शिमग्याला परत वर. मधले महिने आम्ही खालच्या शाळेत मागच्या भिंतीला टेकून असायचो. गुरुजी म्हणाले होते, "बसू द्या. कुठं जातील?" उपकार होते. मी नाही म्हणत नाही.

आम्हाला नावानं कोणी हाक मारत नसे. आम्ही बागेवरची पोरं.

त्या सकाळी पटांगण झाडलं होतं, पाणी मारलं होतं. गावातली पोरं तेल लावून आली होती. गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "बागेवरच्यांनी उठायचं. टाकीमागं जाऊन बसायचं. साहेब जाईस्तोवर आवाज नाय आला पाहिजे."

उठलो. पाट्या घेतल्या. टाकीमागे ओल होती, शेवाळ होतं. फ्रॉक मागून ओला झाला. वर्गाची खिडकी बरोबर डोक्यावर. आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेबांनी विचारलं, "बेचाळीसमधून सतरा गेले, किती राहिले?"

मी बोटानं मातीत मांडलं. चारातून एक गेला, तीन. दोन आणि सात, मोठ्यातून धाकटा गेला, पाच. पस्तीस. तेवढ्यात आत सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पंचवीस!" साहेब खूश झाले. मी पुन्हा मांडलं. पुन्हा पस्तीसच.

लोक असले अनुभव सांगतात तेव्हा बाहेर बसवलेल्या पोरीला उत्तर हमखास येत असतं. आतल्यांना येत नसतं, हिला येतं. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. मला येत नव्हतं. हातच्याची वजाबाकी मला कोणी शिकवलीच नव्हती. मी वरच्या शाळेतून निघाले तेव्हा तो धडा यायचा होता आणि खालच्या शाळेत पोचले तेव्हा होऊन गेला होता. मी खरोखरच कच्ची होते, आणि कच्ची होते म्हणूनच टाकीमागे होते.

साहेबांची जीप गेल्यावर गुरुजी मागे आले. हसत होते. म्हणाले, "शाबास! एक आवाज नाय. शहाणी हायेत बागेवरची पोरं."

मला किती आनंद झाला! आजही आठवलं की अंगाची आग होते, पण झाला. शाळेत मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी पळत बागेत गेले. आई वेलीखाली उभी होती. एका हातात औषधाचा मग, त्यात एकेक घड बुडवायचा, झटकायचा, पुढचा घ्यायचा. दिवसभर हेच. तिची बोटं पार उकलून गेली होती.

"आय, गुरुजी मला शाबास म्हणलं."

"कशाला?"

"आवाज नाय केला म्हणून."

तिचा हात थांबला. माझ्याकडं बघितलं. मग पुढचा घड मगात बुडवला.

"आन् शिकवलं काय?"

 

पुढं मी शिकले. कशी, ते सांगत बसत नाही. आश्रमशाळेच्या पाणचट वरणावर आणि आईच्या हट्टावर शिकले. नाशिकला राहून डी.एड. केलं. आणि दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत शिक्षणसेवक म्हणून लागले. म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर राबायचं, वरच्यांचा शेरा चांगला आला तर कायम, नाही तर घरी. शाळा मिळाली पेठ तालुक्यातच, आमच्यासारख्याच एका पाड्यावर. दोन शिक्षकांची शाळा. दुसरे सर बदलीच्या खटपटीत कायम नाशिकला. मी एकटी. संध्याकाळी पोरं गेली की बोलायला भिंती. पाड्यावरच्या बायका लांबून हसायच्या, बाई म्हणून दबून राहायच्या. ज्यांच्यातून उठून गेले, त्यांनीच मला परकं केलं होतं. साहेब लोकांत तर मी कधी आपली नव्हतेच.

त्याच सुमाराला शाळांची गुणवत्ता संगणकावर चढायला लागली. सगळीकडे एकच चाचणी, गुण वर पाठवायचे, वर त्याची टक्केवारी निघणार, शाळांना अ, ब, क, ड अशी श्रेणी लागणार. कोणतं पोर कशात मागे आहे ते कळलं की शिक्षकांना त्याचंच प्रशिक्षण देणार, असं सांगितलं होतं. मला ते मनापासून पटलं होतं. शेवटी कोणीतरी विचारणार होतं, शिकवलं काय, म्हणून.

चाचणी घेतली. पेपर तपासायला बसले. वजाबाकीच्या उदाहरणापाशी आले आणि हात थबकला. एका पोराच्या पेपरात मोठ्यातून धाकटा आकडा वजा केलेला. दुसऱ्याच्या तसाच. यमुना नावाची माझी एक चुणचुणीत मुलगी होती, तिचाही तसाच. माझंच पस्तीस होतं ते. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या पोरांच्या अक्षरात.

मग मी नुसते गुण बघणं सोडलं. कोण कुठं चुकलं ते शेजारी शेजारी मांडलं. जी पोरं आजीआजोबांजवळ पाड्यावरच राहिली होती, त्यांची वजाबाकी बरोबर होती. जी निफाडला, दिंडोरीला बागेवर जाऊन आली होती, ती सगळी एकाच जागी पडली होती. पाडा तोच, जात तीच, बाई मीच. डोकी कच्ची नव्हती. मधले महिने गेले होते, आणि त्या महिन्यांत झालेला धडा त्यांच्यासाठी पुन्हा कोणी काढला नव्हता. मीसुद्धा नाही. कसा काढायचा ते मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलंच नव्हतं.

मी रडले. दार लावून घेतलं आणि रडले. मी ढ नव्हते. त्या धड्याच्या वेळी मी दुसरीकडे होते, एवढंच होतं. हे मला कोणी चौथीत सांगितलं असतं तर!

गुण वर पाठवले तेव्हा सोबत एक पान जोडलं. कोणती पोरं कधी जातात, कधी येतात, कुठं अडतात. खाली लिहिलं, अधेमधे परत आलेल्या मुलाला कुठून आणि कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण मिळावं ही विनंती.

मग नाशिकला बोलावणं आलं. मोठं सभागृह. दारातच छातीवर लावायला रंगीत कार्ड. हिरवं, पिवळं, भगवं, लाल. शाळेची श्रेणी तसं कार्ड आणि कार्ड तशी बसायची जागा. हिरवे पुढे, पंख्याखाली. लाल शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी माझं लाल कार्ड लावलं आणि भिंतीला टेकले. भिंत ओळखीची वाटली.

पडद्यावर उभे रंगीत खांब आले. प्रत्येक शाळेचा एक. शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या हातात काठी होती. एका बुटक्या खांबावर त्यांनी ती टेकवली.

"हा खड्डा कोणाचा?"

कोणीतरी शाळेचं नाव वाचलं.

"उभ्या राहा, मॅडम. कुठल्या तुम्ही?"

मी सांगितलं.

"म्हणजे तिकडच्याच." साहेब पुढच्या रांगांकडं वळून हसले. "मग बरोबर आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

हशा पिकला. हिरवे हसले, पिवळे हसले. माझ्या शेजारचे लालसुद्धा हसले, आपला नंबर लागू नये म्हणून. बसा असं मला कोणी म्हणालं नाही. साहेब पुढच्या खांबावर गेले. मी उभीच.  माझ्या पानाचं त्यांनी नावही काढलं नाही. वाचलं असेल असंही मला वाटत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी ताट घेऊन जिन्याजवळ उभी राहिले. शेजारी कोणी आलं नाही. आले ते आमचे केंद्रप्रमुख. आसपासच्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली. माणूस वाईट नव्हता. माझ्या आजारपणात घरून डबा पाठवला होता त्यांनी. आवाज खाली करून म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन, तुम्हाला कोणी सांगितलं नाही. अहो, कच्च्या पोरांना चाचणीच्या दिवशी गैरहजर दाखवायचं असतं. टक्केवारी हजर पोरांवर निघते. सगळेच करतात. पुढं बसलेत ना हिरवे, तेसुद्धा."

 मी विचारलं, "सगळेच?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. अजून दुरुस्ती करता येतीय. बागेवरची पोरं गैरहजर टाकू, इथं एक सही करा. खांब वर येईल, साहेबांचा राग जाईल. तुमची तीन वर्षं संपत आलीत. शेरा कोण देणार आहे, जरा बघा."

बागेवरची पोरं. तेच शब्द. ताटातली जिलेबी बघत मी उभी होते आणि मला टाकीमागची ओल पुन्हा लागली. पुढचे ते उंच खांब कशाचे होते ते आता दिसलं. प्रत्येक खांबामागे पोरं बसवली होती. आवाज करू नका सांगून. आणि वर बसलेल्यांना खरंच वाटत होतं की मागे कोणी नाही. कोणी मागे नाही तर प्रशिक्षण कोणासाठी काढायचं? म्हणून दर वर्षी तेच. टाळ्यांची गाणी, रंगीत तक्ते, जिलेबी.

मला कायम व्हायचं होतं. खोटं कशाला बोलू? आईचे हात थांबवायचे होते. ती अजून बागेवर जात होती. एका सहीचा प्रश्न होता. मी पेन हातात घेतलंही. आणि त्या यादीत यमुनाचं नाव पहिलंच होतं.

मी पेन परत दिलं. म्हणाले, "ती हजर होती, सर."

"बाई, हट्ट करू नका."

"समोर बसून पेपर लिहिला तिनं. हजर होती."

 ते कागदाची घडी घालून निघून गेले.

दुपारी साहेबांनी टाळ्यांचं गाणं शिकवलं. शेवटी विचारलं, "काही शंका?" असं विचारतात तेव्हा शंका विचारायची नसते. मी उभी राहिले. आवाज चिरका निघाला.

"साहेब, दिवाळीनंतर गेलेलं पोर शिमग्याला परत येतं. त्याला कुठून शिकवायचं, ते आम्हाला कधी शिकवणार?"

 साहेबांनी घड्याळ बघितलं.

"तो विषय या प्रशिक्षणात नाही. बसा."

"बसते. पण मला त्याचंच प्रशिक्षण पाहिजे. माझा खांब खालीच राहू द्या. तो खरा आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. असल्या वेळी कोणी वाजवत नाही. परतीच्या एसटीत आमच्या केंद्राचे सगळे शिक्षक होते. माझ्या शेजारची जागा पेठपर्यंत रिकामी राहिली. घाटात एकानं मागून हाक मारली, "ओ, लाल बाई!" सगळे हसले. 

शेरा वाईट आला. घरी पाठवलं नाही, पण मला कायम करायचं लांबलं. पुढच्या प्रशिक्षणातही टाळ्यांचं गाणं होतं, फक्त चाल नवीन. मी माझ्या अकलेनं शिकवत राहिले. बागेवरून पोरं येताना द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या आणायची. दहाची मोळी बांधायची, दोन काड्यांतून सात जात नाहीत ना, मग मोळी सोडायची. यमुनाला आलं. तिच्या भावाला अजून येत नाही. बरोबर शिकवते की चूक, सांगणारं कोणी नाही. त्या एकटेपणाची मला सवय झालेली नाही. होईल असंही वाटत नाही.

पुढच्या वर्षी चाचणीच्या सकाळी यमुनाचा भाऊ निफाडहून आला. रात्रभर टेम्पोत. डोळे लाल, हाताला औषधाचा वास. वर्गाबाहेरच घुटमळला. कोणी शिकवलं होतं त्याला ते, कोणत्या शाळेनं, कोण जाणे. म्हणाला, "बाई, आज साहेब येतील ना? मी मागं बसू?"

मी त्याला हाताला धरून आत आणलं. पहिल्या रांगेत बसवलं. पेपर दिला. वजाबाकीपुढं त्यानं काय लिहिलं असेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच्या नावापुढं मी हजर लिहिलं आणि त्याचे मिळाले तेवढेच गुण लिहिले. नंतर केंद्रप्रमुख आले, कागद बघितला.  मी म्हणाले, "सर, वर सांगा. माझ्या शाळेत मागं कोणी बसणार नाही. खड्डा आहे तो खड्डाच दिसेल. बुजवायचा असेल तर शिकवायला या. झाकायला मी सही देणार नाही."