पाहुण्यांची खुर्ची

हसायचं असेल तर हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एका मित्राच्या नाकातून आला होता अन् शर्ट माझा खराब झाला.

तर झालं असं. बालसंगोपनाच्या योजनेत मी नवा नवा लागलो होतो, कंत्राटी. आईबाप नसलेली किंवा एकच पालक असलेली मुलं, त्यांना सरकार दर महिन्याला मदत देतं. माझं काम गृहभेटीचं. घरी जायचं, परिस्थिती पाहायची, फॉर्मवर शिफारस लिहायची. अन् मला तर फार घमेंड! मी म्हणायचो, भाऊ, उंबऱ्यात पाय ठेवला की घराची कुंडली सांगतो.

पहिलीच भेट अर्जुनी मोरगावच्या पुढच्या एका गावात. आता माझ्याकडे गाडी कोणती? सासऱ्याची जुनी लुना, तीही उतारावरच पळते. त्यावर गेलो तर साहेब कोण म्हणेल? म्हणून साळ्याची नवीकोरी बुलेट मागून आणली. वर आदल्या दिवशी तिथल्या अंगणवाडीच्या सुनंदाताईंना फोन ठोकला, "उद्या साहेब येऊन राहिले. तीन घरं पाहायची आहेत. व्यवस्था नीट ठेवा."

हे 'व्यवस्था नीट ठेवा' लक्षात ठेवा बरं. इथंच मी माझ्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली.

गावात धडधडत शिरलो. कुत्री पळाली, कोंबड्या पळाल्या. सुनंदाताईंनी पहिलं घर दाखवलं, पार्बता आजीचं. आजी अन् नात, बस. नात समीक्षा, सातवीत. मायबाप दोघंही गेलेले. आजी आल्या आल्या बोलली, "साहेब, काही तरी करा जी. नाई तं इचा मामा इले वीटभट्टीवर घेऊन जाते. पोट्टी हुशार आहे, शिकू द्या इले."

मी मान हलवली, पण नजर कुठं? खुर्चीवर! अहो, गादीची खुर्ची, लाल मखमलीची. बाजूला उंच स्टँडचा पंखा. चहा आला तो गुलाबाच्या फुलांच्या कपात, ट्रेमध्ये! पंखा फिरत नव्हता, पण मी म्हटलं लाइट गेली असेल. खुर्चीत ऐसपैस बसलो, चहाचा एक घोट गादीवर सांडवला अन् फॉर्मवर ऐटीत लिहिलं, 'पंखा, गादीची खुर्ची, उंची कप. परिस्थिती उत्तम. शिफारस नाही.' खाली सही. सहीखाली दोन रेघा.

दुसरं घर जवळच होतं, पण सुनंदाताई म्हणाल्या, "इकडून चला जी, रस्ता चांगला आहे." अन् मला तलावाच्या पाळीवरून अख्ख्या गावाचा फेरा घालून नेलं. तलाव पाहा, बुद्धविहार पाहा, धानाच्या शेताची बांधी पाहा. मला वाटलं, काय मान देऊन राहिले बाप्पा!

दुसऱ्या घरी पोहोचलो तर काय? लाल मखमलीची खुर्ची! स्टँडचा पंखा! गुलाबाचे कप! मी मनात म्हटलं, या गावात कोणी तरी विक्रेता येऊन सगळ्यांना एकच माल गळ्यात मारून गेला. गादीवर चहाचा ओला डागही होता. मी काय म्हणावं? या गावात सगळ्यांचाच चहा सांडतो!

हसा, हसा.

तिथंही लिहिलं, परिस्थिती उत्तम. पुन्हा गावाचा फेरा. तिसरं घर देवाजीभाऊंचं. मेलेल्या भावाची दोन लेकरं ते सांभाळतात. आत जातो तर तीच खुर्ची, तोच पंखा, अन् खुर्चीवर माझा चष्म्याचा डबा! आत माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. आता मात्र माझ्या डोक्यात घंटा वाजली.

"देवाजीभाऊ, हा डबा माझा आहे."

"हो जी, तुमचाच असन."

"तो तुमच्या घरी कसा आला?"

"खुर्चीसोबत आला जी."

"अन् खुर्ची?"

"पार्बता आजीच्या घरून त्या दुसऱ्या घरी, अन् तिथून इथं."

"अन् आजीकडे कुठून आली?"

"विहारातून. गावाची आहे ना. सगळ्यायनं मिळून घेतली. खुर्ची, पंखा, कप, टरे. ज्याच्या घरी पाहुना येते त्याच्या घरी जाते. पोरगी पाहाले आले तरी हेच, ढोराचा डॉक्टर आला तरी हेच."

मी तापलो. "ही फसवणूक आहे! सरकारी कामात असं चालत नाही!" तोपर्यंत पार्बता आजी कप न्यायला मागच्या दारी आली होती. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन जी? पाहुन्याले पोत्याच्या बोऱ्यावर बसवाचं काय? तुमीच तं सांगतलं ना, व्यवस्था नीट ठेवा म्हून!"

"अन् तो पंखा? तो का फिरत नव्हता?"

"फिरन कसा? माह्या घरी लाइटच नाई. तसाच उभा केला, शोभेले."

मी सुनंदाताईंकडे पाहिलं. त्या छताकडे पाहून राहिल्या होत्या. मी हळूच फॉर्म काढला अन् काय लिहिलं ते सांगितलं. समीक्षा आजीच्या मागे उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "मंग मी मामाकडे जाऊ का?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. जमीन फाटली असती तर मी बुलेटसकट आत गेलो असतो. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, नवीन फॉर्म गोंदियाला ऑफिसात. मी कान धरले. "आजी, दोन दिवसांत येतो. नवीन भरतो. मामाला म्हणा, थांब."

दोन दिवसांनी निघालो. पण बुलेट? चिखल पाहून साळ्यानं त्याच रात्री चावी काढून घेतली होती. वर बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, तक्रार केली ती वेगळी. मग काय, अर्जुनीपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीपमध्ये लोंबकळत, अन् फाट्यापासून पायी. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. कोणाला फोन केला नव्हता, तेवढी अक्कल आली होती. एक चप्पल पायात, एक हातात, असा आजीच्या दारात उभा.

आजीनं बोरा टाकला. मी बसलो. नीट पाहिलं तेव्हा दिसलं, घरात एक चूल, दोन भांडी अन् समीक्षाची पुस्तकं. सगळं लिहिलं, शिफारस जोरदार केली. जीव टांगू नका, पुढे तिन्ही घरांचे अर्ज मंजूर झाले, पोरगी शाळेत जाते, मामा एकटाच भट्टीवर गेला. पण त्या दिवशी आजी माझ्याकडेच पाहून राहिली होती.

"गाडी कुठं गेली जी?"

"माझी नव्हती आजी. साळ्याची. मागून आणली होती."

"कायले?"

"साहेब वाटावं म्हणून."

"अन् मले म्हने फसवनूक!" आजी हसली नाही. माझ्या चपलेकडे पाहिलं, घामेजलेल्या शर्टाकडे पाहिलं. मग दारावरून जाणाऱ्या सुनंदाताईंना हाक मारली.

"ताई वं, पोरीचा फारम झाला असन तं एक या बाबूचा बी भरून टाक. हा बी कोनाचा तरी लेकरूच आहे. अन् 'परिस्थिती उत्तम' लिहू नको बरं, म्या सोता पाहून राहिली."