सारवलेला पूर

आमच्या घरापासून समुद्र किती लांब आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, पण समुद्रकाठच्या घरमालकांसाठी असलेला पुराचा विमा मात्र आमच्याकडे होता. आमच्या अख्ख्या अनसिंग गावात असा विमा उतरवलेला माणूस मी एकटाच. (वाशीम तालुक्यातही एकटाच असणार, पण उगाच मोठेपणा नको.)

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वाशीमला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. बा रेल्वेत रुळांच्या कामावर गँगमन होते. ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही नाल्याच्या काठावर विटांचं घर बांधलं, आमच्या घराण्यातलं पहिलं. जागा मी निवडली होती. नाला इतका किरकोळ की कोंबड्या तो पाय न भिजवता ओलांडत. इथे पाणी येणं शक्यच नाही, असं मी बांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

विमा आला तो माझ्या साळ्याच्या, प्रभाकरच्या, पिशवीतून. तो नवाच एजंट झाला होता. त्याच्याकडची पत्रकं कोकणपट्टीसाठी छापलेली होती आणि कशी कोण जाणे अकोल्याला येऊन पडली होती. वर चित्र होतं: नारळाची झाडं, कौलारू घर आणि घराएवढी लाट. मी म्हटलं, बाबा रे, यात आमचं काहीच नाही.

"भाऊजी, पूर म्हंजे पूर," प्रभाकर म्हणाला. "पानी खारं हाय का गोडं, थे कोन चाखून पाह्यते?"

बायको आत भावासाठी पोहे करत असताना त्या भावाला नाही म्हणणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही. मी सही केली. बांनी ते चित्र हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"इथं पानी येतच नाई म्हनतं तू," ते म्हणाले. "मंग इमा कायले?"

मी विम्याचा कागद घडी करून ट्रंकेत ठेवला.

उत्तर नाल्याने दिलं. भाद्रपदातल्या एका दुपारी वरच्या शिवारात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि तो कोंबड्यांचा नाला थेट आमच्या घरातून वाहू लागला. कमरेएवढं पाणी! शेळी बाजेवर आणि बाज पाण्यावर. माय पिठाचा डबा डोक्यावर धरून उभी, माझी बायको सुमन चुलीतली राख वाचवते आहे (का, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही), आणि अशात माय-बांच्या खोलीची मागची भिंत दमलेल्या माणसासारखी हळूच खाली बसली. कोणाला खरचटलंही नाही. आणि मी? लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो विम्याचा, आणि मी मोठ्याने हसलो. शेजारच्या काकूंनी सुमनला गुपचूप सांगितलं की याले कांदा हुंगव.

पाणी उतरल्यावर मी माय-बांना वचन दिलं की विम्याचे पैसे आले की मागची भिंत दगडी बांधीन. तोवर भिंतीच्या जागी पोत्यांचा पडदा लावला. बांचे जुने गँगवाले दुसऱ्याच दिवशी आले होते, पडलेल्या विटांचीच भिंत उभी करून देतो म्हणत होते. मीच त्यांना परत पाठवलं. कारण प्रभाकरने बजावून ठेवलं होतं, की विमा कंपनीचे साहेब पाहून जाईपर्यंत घरातली काडी हलवायची नाही. चिखल आहे तसा राहू द्यायचा. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली आहे, तीच आपली साक्षीदार.

तेव्हापासून आम्ही चिखलात राहू लागलो. माझी माय म्हणजे आपलं अंगण झाडून झाल्यावर, ते शेजारच्या अंगणाला लागून आहे म्हणून तेही झाडणारी बाई. ती खराटा घेऊन उठली की मी आडवा. तिने सारवणाचं शेण कालवलं की मी पाटी लपवायचो. पाहायला येणारे लोक दारातून नाक धरून परत जात आणि माय पदराने तोंड झाकून घेई. पोत्यांमधून रात्रीचा गारवा येऊ लागला होता, बा खोकू लागले होते, पण मी हटलो नाही. दगडी भिंत माझ्या डोळ्यांपुढे उभी होती ना!

अखेर साहेब येणार असल्याचा निरोप आला. मी त्यांना आणायला पहाटेच वाशीमला निघालो, आणि निघताना मायला एकच वाक्य बोललो. "साहेब मोठे मानूस हायेत, त्याहिचं नीट करजो." मला चहा-पोहे म्हणायचं होतं.

गाडी उशिरा आली. साहेब सडपातळ, सभ्य गृहस्थ, बरीच वर्षं समुद्रकाठच्या गावांत काढलेले. अनसिंगच्या एस.टी.त त्यांनी माझे कागद उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, समुद्र कोणत्या बाजूला आला? मी म्हटलं, साहेब, नाला आहे. त्यांनी खिडकीबाहेरच्या कपाशीवर एक नजर टाकली आणि कागद मिटले. मग म्हणाले, "पूर आला असेल तर आला. मला फक्त खूण दाखवा." माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, साहेब, सगळं जसंच्या तसं ठेवलंय.

आणि मी साहेबांना घेऊन माझ्याच घरावरून पुढे निघून गेलो.

सुमनने हाक मारली म्हणून वळलो. घर ओळखू येत नव्हतं. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा दिलेला, जमीन हिरवीगार सारवलेली, दारात रांगोळी, मधोमध शेजाऱ्यांकडून मागून आणलेली खुर्ची आणि तिच्यावर भरतकामाचा रुमाल. सगळी गल्ली सकाळपासून राबली होती. मी आत धावलो. मागची भिंत उभी होती! बांनी गँगवाल्यांना बोलावणं धाडलं होतं. रूळ उचलणारी माणसं ती, त्यांना एका भिंतीचं काय? आता ते मागच्या अंगणात बसून भाकर-ठेचा खात होते.

"माय, हे काय केलं वं?" मी हळूच विचारलं.

"मंग चिखलात बसवू का त्याहिले?" माय म्हणाली. "मोठा मानूस हाय म्हनून तूच सांगतलं ना?"

साहेबांनी पोहे घेतले, पोह्यांची तारीफ केली आणि मायला विचारलं की पाणी किती आलं होतं. परका माणूस आपल्या घराचं उणं विचारतो आहे, एवढंच मायला कळलं. "इलुसं आलं होतं जी," ती म्हणाली. "पाय धुवाएवढं." साहेबांनी बांकडे पाहिलं. भिंत पडली होती हे बांनी कबूल केलं, पण लगेच छाती काढून म्हणाले की आता पाहा, हाय का काही?

साहेब माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, गोंधळले होते. "मग नुकसान नेमकं कशाचं झालं?"

माझं डोकं फिरलं. मी नखांनी पोतारा खरवडून पाण्याची रेघ शोधू लागलो. रेघ नव्हती, मायने ती आधीच घासून धुतली होती. साक्षीदारच गेला! मग मी मागच्या भिंतीकडे धावलो. साहेब, ही आजच उभी केली आहे, ओली आहे, हलते, हे पाहा, असं म्हणत मी तिला खांदा लावला.

मी खोटं बोलत नव्हतो. भिंत खरंच ओली होती. ती गेली, आणि तिच्याबरोबर मीही गेलो, तो थेट गँगवाल्यांच्या ठेच्यात.

धूळ बसली तेव्हा साहेब हातात बशी घेऊन भगदाडातून माझ्याकडे पाहत होते. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "मला डोळ्यांनी दिसलं तेच लिहावं लागतं हो." आणि त्यांना काय दिसलं होतं? लख्ख उन्हात, स्वच्छ सारवलेल्या घराची भिंत घरमालकाने स्वतः पाडली. याचा विमा समुद्राकाठीही मिळत नाही म्हणे.

बांनी साहेबांना आणखी चहा विचारला. मला काहीच विचारलं नाही. गँगवाल्यांनी हात धुतले आणि ते विटा गोळा करू लागले. त्यांची अट एकच होती.

"याले पयले बाजारात धाडा," त्यांच्यातला म्हातारा बांना म्हणाला. "भित वाळेस्तोवर घरी येऊ देऊ नका."

भिंत आजही उभी आहे. दगडी नाही, पण नाल्याला तिने पुन्हा कधी आत येऊ दिलं नाही. तिला टेकून बसायची मुभा घरात सगळ्यांना आहे, नातवंडांनासुद्धा. मला अजून मिळायची आहे.