बाजारात न प्यायलेलं पाणी

वृत्तपत्रातून निवृत्त झाल्यावर मी सुकापूरमधल्या चार-पाच जणींच्या गटात गेले. गर्भाशयाचा, गर्भाशयमुखाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झालेल्या बायकांसोबत आम्ही रुग्णालयात जातो. सांगितलेलं त्यांना समजलं का ते पाहतो, आणि त्यांच्या मनातलं डॉक्टरांना विचारतो. औषधातलं आम्हाला कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. प्रश्न विचारता येतात.

अशा बायकांपैकी एक मावशी माझ्या आधीपासूनच्या ओळखीची होती. उरणच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव, आणि पनवेलच्या मासळी बाजारात बसायची ठरलेली जागा. मी तिची जुनी गिऱ्हाईक. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. बरा होण्यासारखा आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मात्र किरणोपचार सोमवार ते शुक्रवार रोज घ्यायचे आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

या उपचाराची एक अट असते. मशीनवर झोपताना मूत्राशय भरलेलं हवं. ते भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि त्यांना किरणांचा त्रास कमी होतो. म्हणून आधी लघवीला जाऊन यायचं, मग बाटलीभर पाणी प्यायचं आणि नाव पुकारेपर्यंत धरून ठेवायचं. उपचाराआधी काढलेल्या चित्रात मूत्राशय दिसतंच.

मावशीचं रिकामं दिसायचं. पहिल्याच आठवड्यात तिला पुन्हा पाणी पिऊन थांबायला सांगितलं, तेव्हा संध्याकाळी कसाबसा नंबर लागला. गुरुवारी पुन्हा तेच झालं. ती उठली, पदर खोचला आणि उपचार न घेताच घरी गेली. सुनेचा मला फोन आला. सून पनवेलला कापडाच्या दुकानात काम करते. म्हणाली, "आई आता येणारच नाही म्हणतात. माझं ऐकत नाहीत. तुम्ही या."

मी त्याच संध्याकाळी गेले. मावशी ओट्यावर कोलीम, जवळ्यासारखी बारीक सुकी मासळी, निवडत बसली होती.

"पाणी पिता ना, मावशी?"

"पितंय की. या सुनेला विचारा. समोर उभी राहून घोट मोजते, पोलिसावानी."

"प्यायल्या. दोन्ही वेळा माझ्यासमोर," सून म्हणाली.

बातमीत काही जुळेनासं झालं की घटना क्रमाने लावून पाहायची, ही डेस्कवरची सवय. पाणी प्यायल्यावर कुठे बसलात, मग काय केलंत, असं मी एकेक विचारत गेले.

"मग काय! माज्या आदीच्या बाईला हाक मारली. मी उठली."

"कुठे जायला?"

"मोरीत. निगायच्या आदी जाऊन नको यायला?"

"आई, तेच तर करू नका म्हणून सांगितलंय!"

"सांगितलंय गो, आयकलंय मी. आनि तितं वर झोपून मुतली तर? येवडं म्हागाचं मशीन, तू भरून देशील काय?"

मग तिने बाजाराचं सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. पहाटे टेम्पोत चढण्याआधी जाऊन यायचं, त्यानंतर थेट घरी. शौचालय लांब. पाटी सोडून उठलं की गिऱ्हाईक शेजारणीचं. म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही, चहा आला तर अर्धा. लग्न झाल्यापासून हेच. निघायची वेळ आली की पाय आपोआप मोरीकडे वळायचे, आणि उपचाराची हाक म्हणजे तिला निघायची वेळच वाटायची. अट तिला समजली नव्हती असं नाही. तिला भीती होती, आणि तिच्या भीतीबद्दल आजवर आम्हीही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी ती आली, पण "आज शेवटचं" असं बजावून. मशीन चालवणाऱ्या मुलीला मी मावशीसमोरच विचारलं, लघवी झालीच तर काय?

"चादर बदलते. होतं कधीकधी," ती म्हणाली. "फारच आली तर नुसता हात वर करा मावशी. मी बाहेरून कॅमेऱ्यात बघत असते. मशीन लगेच थांबवते."

"बगत असतेस? सगलं?"

"तुमच्याकडे लक्ष असतं, एवढंच. पांघरूण असतं की अंगावर."

मावशी पाणी प्यायली आणि बाकावर बसली. थोड्या वेळाने चुळबुळ सुरू झाली. मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुनेने स्वतःची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "आई, ही धरा. पगार आहे आतमध्ये. मी आलेच," म्हणाली आणि खांबाआड जाऊन उभी राहिली.

मावशीने पिशवीला दोन्ही हातांनी विळखा घातला. आधीच्या बाईला हाक आली, मावशी हलली नाही. तिच्या स्वतःच्या नावाची हाक आली तरी ती बसूनच होती. सुनेने पुढे येऊन पिशवी हातात घेतली, तेव्हा कुठे मावशी उठली.

चित्र पाहून ती मुलगी म्हणाली, "भरलंय. मस्त."

उपचार संपवून मावशी बाहेर आली ती "सरका गो, सरका!" ओरडतच. शौचालयातून परतल्यावर तिने सुनेकडे पाहिलं. "पगार सात तारखेला हुतो ना गो तुजा? आज कनचा आला?"

"तुम्हाला उठू द्यायचं नव्हतं."

"लबाड हाय," मावशी मला म्हणाली. सोमवारी आल्यावर तिने पिशवी स्वतःच मागून घेतली. बुडलेला गुरुवार शेवटी भरून घेतला आणि तिचा उपचार पूर्ण झाला. त्यानंतरच्या तपासण्यांत आजवर काही निघालेलं नाही. नवीन बाई आली की आता आम्ही आधी विचारतो, कामावर असताना पाणी पिता का? शिक्षिका, घरकाम करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, अनेकजणी नाही म्हणतात. मग बोलणं तिथूनच सुरू होतं.

परवा बाजारात गेले. मावशीची जागा रिकामी होती, पाटीवर ओलं फडकं. मी तिथेच थांबले. मनात आलं ते चांगलं नव्हतं.

शेजारची कोळीण म्हणाली, "बसा बाई. मुतायला गेली हाय. तिची पाटी मी बगतंय, माजी ती बगते."

मी तिच्याकडची पापलेटं बघू लागले.

"नको, तिचीच घ्या," ती म्हणाली. "येऊन मला शिव्या घालील."